आरेचे फोटो कपाटात ठेवू नका, मंडळाला द्या

गोरेगाव, मरोळ, पवई परिसरात राहणाऱ्या आणि कॅमेरा घेऊन मुंबईतल्या आरे वसाहतीत फिरणाऱ्या सगळ्यांना आमच्या निसर्गमंडळाची ही कळकळीची विनंती आहे.

आरेच्या जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, 'तिथे आहे काय? गवत आणि झुडपं.' हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा आपण पत्रं लिहितो, पण पत्राला जोडायला पुरावा हाती नसतो. तो पुरावा तुमच्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. २०२० मध्ये ८१२ एकर राखीव वन म्हणून जाहीर झाले खरे, पण वसाहत तीन हजार एकरांहून मोठी आहे. उरलेल्या जागेत काय जगतं, ते दाखवायला हवं.

फोटोची ताकद मुंबईने पाहिली आहे. पाड्याच्या बोळातून रात्री निघालेला बिबट्या छायाचित्रकार नयन खानोलकरांनी टिपला आणि २०१६ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेच्या शहरी विभागात तो फोटो पहिला आला. २०१५ च्या अभ्यासात शेजारचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपासचे ३५ बिबटे ओळखले गेले, तेही फोटोंवरूनच. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यातही डाव्या-उजव्या कुशीची निराळी. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात.

पण बिबट्याचे फोटो येतीलच. आम्हाला जास्त ओढ लहान जिवांची आहे. आरेच्या नावाने ओळखली जाणारी विंचवाची एक जात आहे, लायकस आरेएन्सिस. २०१० मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली. गेल्या पावसाळ्यात रात्री एका झाडाच्या सालीवर आम्ही अतिनील टॉर्च मारली आणि भेगेत नखाएवढा विंचू निळसर-हिरवा उजळला. टॉर्च बंद केली तर नुसती काळी साल! सोबतची मुलं किती तरी वेळ तिथून हलेनात. असे फोटो द्या. कोळी, बेडूक, फुलपाखरं, पावसाळ्यातली रानफुलं, सगळं चालेल. एकाच जागेचे जुने आणि आताचे फोटो असतील तर ते सोन्याहून मोलाचे.

फोटोसोबत तारीख आणि जागा लिहा. मूळ फाइल द्या, रंग चढवलेली नको. नेमकं ठिकाण आम्ही जाहीर करणार नाही, ते फक्त नोंदवहीत राहील. घरट्यांचे आणि पिल्लांचे फोटो कृपया आणू नका, तुम्ही काढले असलेत तरी. ते आम्ही लावणार नाही.

निवडक फोटोंचं प्रदर्शन आधी पाड्यांवर भरेल, मग शहरात. हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला आहे. मागच्या वेळी एका पाड्यावर एक आजी बिबट्याच्या फोटोसमोर हात जोडून उभ्या राहिल्या, 'वाघोबा' म्हणाल्या (आदिवासींचा वाघदेव) आणि फोटोतली वाट त्यांनी लगेच ओळखली.

पैशाची गरज छपाई आणि चौकटींसाठी आहे. एका फोटोचा खर्च एका घराने उचलला तरी खूप झालं. प्रदर्शनातल्या फोटोंच्या विक्रीतून येणारी रक्कम पाड्यांच्या कडेचा कचरा उचलायला आणि झाकणाच्या कुंड्या बसवायला जाईल. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीत येतो. हिशेब फलकावर लागेल.

पेन ड्राइव्ह किंवा देणगी घेऊन कोणत्याही रविवारी सकाळी १० ते १ मंडळाच्या खोलीत या. देणगीची पावती तिथेच मिळेल, पेन ड्राइव्हही लगेच परत देऊ.