चार चिठ्ठ्या आणि एक पोट

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेले चिठ्ठ्यांचे फोटो नीट वाचले. हृदय, साखर, मूत्रपिंड आणि आईचे गुडघे, प्रत्येक डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबरच लिहिलंय. पण तुमच्या तिन्ही चिठ्ठ्या एकाच पोटात जातात आणि चौथीतलंही थोडं जातं, त्याबद्दल बोलायचंय.

प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली, मग घोटे सुजले. सुजेवर लघवीची गोळी आली. तिच्यामुळे रात्री उठणं, उठताना अंधारी, आणि आता त्या अंधारीवर चक्करेची गोळी! अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजतात हे आम्हा फार्मासिस्टांना रोज दिसतं. पण सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाचीही असू शकते, म्हणून स्वतःहून काही बंद करू नका. ‘ही सूज गोळीची तर नव्हे?’ एवढंच विचारा. आणि लघवीची गोळी सकाळी घेतली तर चालेल का, तेही.

कंबर दुखली की तुम्ही आईची डायक्लोफिनॅक घेता, हे मला कळलंय. (आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं.) तुमची प्रेशरचीच दुसरी गोळी टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर ते अचानक बंदही पडू शकतं. तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढतं ते, आधीच वाढलेलं आहे. ती गोळी कपाटातून काढाच.

वाड्यावर जो येतो तो शहाळं पिण्याचा सल्ला देतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, टेल्मिसार्टन ते शरीरात धरून ठेवते, आणि मूत्रपिंड थकलेलं असलं की ते बाहेर पडत नाही. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियमच असतं, तेही नको. खारे बांगडे आणि मिस्कुटाचं लोणचं सोडा म्हटलं तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, म्हणून ‘कमी करा’ म्हणते.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c) आकडा ७ च्या खाली आणायचा हट्टही सोडा. तुमच्या वयात, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही धरून, थोडा वर राहिलेला बहुतेक डॉक्टरांना चालतो. साखर उतरून पडणं जास्त वाईट. तुमच्यासारख्या, ठोके हळू करणारी मेटोप्रोलॉल घेणाऱ्याला साखर उतरली तरी धडधड आणि थरथर फारशी जाणवत नाही, घाम मात्र येतो. आई, यांना अचानक घाम फुटला की आधी साखर तपास, आणि उतरलेली असेल तर लगेच साखरपाणी दे. आणि तुझी थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. चहाबरोबर कॅल्शियम गिळतेस ते बंद, दोन्हींत चार तासांचं अंतर ठेव.

सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्या एका पिशवीत भरा, त्या एका माणसानं एकत्र बघायला हव्यात. डिचोलीचे आपले जुने डॉक्टर तुम्हाला तरुणपणापासून ओळखतात, हे काम त्यांच्याकडेच द्या. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जाल तेव्हाही हीच पिशवी न्या. त्यात वैद्यांचं चूर्ण आणि काढाही हवा.

आणि बाबा, तुम्हाला काय हवंय तेही त्यांना सांगा. ‘जत्रेचं नाटक शेवटच्या अंकापर्यंत बसून बघायचंय’ हे मला फोनवर सांगता, डॉक्टरांना का नाही? कुठली गोळी किती वाजता घ्यायची, हे त्यावरूनही ठरतं.

शनिवारी सकाळी कदंबच्या बसनं पोचते. आई, जुन्या अर्धवट पट्ट्या फेकू नकोस, मला बघायच्या आहेत.

तुमची,
बाय