तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, गच्चीची किल्ली हातात आल्यावर

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

निरोप समारंभ नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको, असं तुम्ही बजावून सांगितलंत. सोसायटीच्या समितीनं ते ऐकलं. पण पत्र नको असं तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे लिहितो आहे. सगळ्यांना वाचता यावं असं उघडच लिहितो. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा नाव घालत नाही. आपल्या अठ्ठावीस बिऱ्हाडांत 'काकू' म्हटलं की कोण, हे लहान पोरांनाही कळतं.

नाशिकला निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत. तिला तुमच्या बँकेतलं ते जुनं पितळी टोकन बांधलेलं आहे, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. "जपून ठेव" एवढंच म्हणालात आणि चहा टाकायला आत गेलात. मी तिथेच उभा राहिलो. बारा वर्षं ही किल्ली तुमच्या कमरेला होती. तुम्ही सोसायटीच्या खजिनदार; खजिनदाराचं काम हिशेबाचं, गच्चीशी त्याचा काय संबंध, असं मला पूर्वी वाटायचं. आता सचिव झाल्यावर कळतं की पैसा कुठे झिरपतो ते बघायचं असेल तर आधी पाणी कुठे झिरपतं ते बघावं लागतं.

२०१६ च्या ऑगस्टमधली ती रात्र मी विसरणार नाही. दोनच्या सुमारास बी विंगच्या जिन्यात धाडकन आवाज झाला. सगळे दारं उघडून बाहेर आले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छताचा हातभर तुकडा पडला होता. दिवसा तिथे पोरं पत्ते खेळत बसायची. सकाळी पुरुषमंडळींची लोकल पकडायची घाई होती आणि सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, गवंडी बोलवा, सिमेंट थापून घ्या, पाऊस गेला की बघू. मीही त्यातलाच.

तुम्ही काही बोलला नाहीत. तो तुकडा उचललात, पिशवीत घातलात आणि रविवारच्या सभेत टेबलावर ठेवलात. पालथा. तुकड्याच्या आतल्या बाजूला गजाच्या आकाराची एक पन्हळ होती, गंजानं तांबूस झालेली, आणि बोट फिरवलं की गंजाचे पापुद्रे हाताला लागत होते. तुम्ही तो हातोहात फिरवलात. माझे बाबा तो बराच वेळ धरून बसले होते. मग तुम्ही उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, ती कोपरे दुमडलेली पुस्तिका उघडलीत आणि वाचून दाखवलंत की इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांच्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यायचं असतं. आपली इमारत १९८८ ची. तोवर एकदाही झालं नव्हतं. कुणाला बोल लावला नाहीत. "आता करू या" म्हणालात, आणि ठरावाची सूचक म्हणून पहिली सही तुमची.

ऑडिटला आलेली ती इंजिनियर मुलगी आठवते का? हातोड्यासारखं यंत्र कॉलमवर टेकवून आकडे टिपत होती, मग अल्ट्रासोनिकची दोन टोकं दोन बाजूंना लावली. तुम्ही तिच्या मागोमाग सगळ्या मजल्यांवर. पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या कॉलमचं प्लास्टर काढून तिनं आतल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. आत खोलवर गर्द गुलाबी रंग आला, पण बाहेरचा दीड इंच तसाच राखाडी राहिला. तुम्ही विचारलंत, "बाळा, रंग यायला हवा होता की नको होता?" यायला हवा होता. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतला गज गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत राहतो, तो अल्कधर्मीपणा जातो, मग पाणी आणि हवा गजापर्यंत पोचली की गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तोच काँक्रीटला आतून फोडून काढतो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हे जिन्यात भेटेल त्याला सांगायला लागलात, तुमच्या भाषेत. "गजाला पांघरूण दिलेलं असतं. ते विरलंय. वरून नवं ठिगळ लावून आतली ओल जात नाही." चौथ्या मजल्यावरच्या आजींना अहवाल वाचता येत नव्हता, पण हे कळलं. त्यांनीच नंतर आपल्या मुलाला सहीसाठी तयार केलं.

पैशांची सभा मात्र फार कठीण गेली. लोकांचं म्हणणं, दर महिन्याला सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, भरतो, तो कुठे गेला? तुम्ही फळ्यावर मांडलंत. सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. १९८८ साली एका घराचा बांधकाम खर्च धरला होता दीड लाख. पाव टक्का म्हणजे वर्षाला ३७५ रुपये. महिन्याला ३१ रुपये २५ पैसे. खडू खाली ठेवलात आणि काही बोलला नाहीत. सभागृहात, म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये, कुणीच काही बोललं नाही. एवढी वर्षं आपण चहा-बिस्किटाच्या खर्चात इमारत सांभाळायला बघत होतो, हे त्या एका आकड्यानं सगळ्यांना दिसलं. त्याच सभेत घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे दुरुस्ती निधी गोळा करायचा ठराव झाला, अठरा हप्त्यांत.

आता जे आजवर कुणापुढे बोललो नाही, ते लिहितो. बाबांची हरकत नाही, त्यांना विचारूनच लिहितो आहे.

त्याच वर्षी बाबांची कंपनी बंद पडली आणि माझीही नोकरी गेली. आधी देखभालखर्च थकला, मग दुरुस्तीचे हप्तेही. थकबाकीदारांची यादी फलकावर लावायची प्रथा आपल्याकडे जुनी. मी रोज रात्री उशिरा खाली उतरून फलक बघायचो. यादी लागलीच नाही. एक दिवस दुपारी तुम्ही घरी आलात, आईशी पावसाचं, लोणच्याचं बोललात, आणि निघताना एक शंभर पानी वही ठेवलीत. पहिल्या पानावर आमच्या घराचा क्रमांक, खाली तारखांचा रकाना, आणि महिना दीड हजाराचा हप्ता आखलेला. "जमेल त्या तारखेला द्या. पण द्या."

आईनं व्याजाचं विचारलं. थकबाकीवर तेव्हा वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता यायचं, हे तिला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, ते माफ करणं माझ्या हातात नाही, सर्वसाधारण सभेच्या हातात आहे. आणि पुढच्या सभेत तुम्ही विषय मांडलात तो असा, की जो सभासद लेखी अर्ज करून हप्ते बांधून घेईल आणि पाळेल, त्याला त्या काळाचं व्याज लावू नये. कुणाचंही नाव नाही. अर्ज किती आले, तेही तुम्ही सभेला सांगितलं नाहीत. ठराव मंजूर झाला तेव्हा बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी हात वर केला आणि तो खाली घ्यायला त्यांना जरा वेळ लागला. आम्ही शेवटचा हप्ता भरला, त्या दिवशी तुम्ही वहीवर लाल शाईनं 'पूर्ण' लिहून ती परत दिलीत. ती वही आईनं देवघराच्या खणात ठेवली आहे.

२०१८ च्या जानेवारीत परांची बांधल्या. काम मेअखेर संपायला हवं होतं, पावसाच्या आत. तुम्ही सकाळी नऊला खाली खुर्ची टाकून बसायचात, मांडीवर वही. आलेल्या सिमेंटच्या पिशव्या, पॉलिमरचे डबे, संपलेले, उरलेले. ठेकेदाराच्या माणसांना चहा तुमच्याकडूनच जायचा, पण मोजणीत सूट नव्हती. ए विंगच्या मागच्या बाजूला त्यांनी एका कॉलमचे गज ब्रशनं न घासता, गंजरोधक लेप न देता तसेच मॉर्टरनं बुजवले. उन्हात तिथवर कोण जातंय, असं वाटलं असेल. तुम्ही त्या वयात शिडीवरून पहिल्या टप्प्यावर चढलात, कडेला राहिलेल्या फटीत नखानं खरवडलंत आणि बोट सुपरवायझरला दाखवलंत. बोट तांबडं होतं. संध्याकाळपर्यंत तो कॉलम परत फोडून झाला होता. आज मी तिकडून जाताना त्या कॉलमवर हात ठेवतो.

डक्टमधल्या पाइपांच्या सांध्यांत उगवलेले पिंपळ हा तर वेगळाच प्रश्न होता. मुळं भिंतीत शिरलेली, आणि पिंपळ कापायला कुणी धजेना. तुम्ही दोन दिवस कुणाशी वाद घातला नाहीत. तिसऱ्या दिवशी माळीदादांना घेऊन आलात, जी लहान रोपं होती ती मुळांसकट अलगद काढवलीत, कुंड्यांत लावलीत आणि मग बाकीच्यांची मुळं काढायला कुणाची ना राहिली नाही. त्यातला एक पिंपळ आज मैदानाच्या कडेला माझ्या खांद्याएवढा झाला आहे.

आणि गच्ची. जुना कोबा उखडून नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातला, कठड्याच्या कडेचा कोपरा गोलसर करून घेतला. मग पाणी जायची तोंडं बंद करून गच्चीत पाणी साठवलं, गळतं का ते बघायला, तीन दिवस. त्या तीन दिवसांत तुम्ही सकाळ-संध्याकाळ चौथ्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन मान वर करून छत बघत होतात. चौथ्या दिवशी सकाळी आजींच्या स्वयंपाकघरातलं छत कोरडं निघालं. आजींनी तुमच्या हातावर साखर ठेवली. त्या आता नाहीत. पण त्यांचे शेवटचे तीन पावसाळे त्यांनी बादल्या न मांडता काढले, हे तुमच्यामुळे.

मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरनं करून न दिलेली जमीन सरकारी आदेशानं संस्थेच्या नावावर करून घेण्याची, गोष्ट लिहायची तर वेगळं पत्र लागेल. संस्था नोंदली गेल्यावर चार महिन्यांत जमीन आपल्या नावावर व्हायला हवी होती, ती पंचवीस वर्षांहून जास्त काळ झाली नव्हती. तुम्ही अठ्ठावीस घरांचे करार आणि इंडेक्स टू, म्हणजे करारनोंदणीचे उतारे, गोळा केलेत. ज्यांचे हरवले होते त्यांच्यासोबत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात स्वतः गेलात. आदेश हाती आला त्या दिवशीच्या सभेत तुम्ही भाषण म्हणून फक्त एक गोष्ट सांगितलीत, की १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, तिथल्या रावबहादूर तालमकींनी सहकारी घरांसाठी हयात वेचली, आणि त्या वाटेनं आपण सगळे इथवर आलो. मी तोवर सोसायटी म्हणजे मेंटेनन्सचं बिल एवढंच समजत होतो.

काकू, आपण घराचा उंबरठा ओलांडला की पुढचं कुणाचं तरी असतं, असंच मी लहानपणापासून धरून चाललो होतो. जिना, टाकी, गटाराचं चेंबर, पंपाची खोली, सगळं 'त्यांचं'. तुम्ही मात्र चपला न घालताही जिन्यात यायचात, घरातल्यासारख्या. मला वाटतं, तुम्हाला बघून बघूनच मी या वेळी सचिवपदासाठी नाव दिलं. आभार मानायचे ते याचे, इमारत उभी आहे त्याचे, आणि त्या वहीचे.

इकडची खबर द्यायची राहिली. मेमध्ये पन्हाळी साफ केल्या, गच्चीतली तोंडं मी स्वतः हात घालून मोकळी केली. एकात टेनिसचा चेंडू निघाला. तुमच्या यादीतलं 'पंपाचं ग्लँड बघणे' झालं. वरची टाकी येत्या रविवारी धुतो आहोत, सगळ्यांना शनिवारी रात्री पाणी भरून ठेवायला सांगितलं आहे. पुढच्या ऑडिटचं वर्ष मी फलकाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे, तुम्ही लिहायचात तिथेच.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, ती बहुधा गणपती झाल्यावर होईल. नोटीस चौदा दिवस आधी नाशिकच्या पत्त्यावर येईल. तुम्ही अजून सभासद आहात. शेवटच्या रांगेतली ती हाताची खुर्ची आम्ही हलवलेली नाही.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा, आता सचिव,
आणि आई-बाबांचाही नमस्कार
डोंबिवली पूर्व