आळत्याच्या धम्मालयातील धर्मसेविका ताईंना

कोल्हापूर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, आळत्याच्या रामलिंग डोंगराजवळील धम्मालय विपश्यना केंद्रात झालेल्या दहा दिवसांच्या शिबिरात आपण महिला विभागाच्या धर्मसेविका, म्हणजे साधिकांची काळजी घेणाऱ्या स्वयंसेविका, होता आणि मी पहिल्यांदाच आलेली साधिका. आर्य मौनाच्या काळात साधकांनी आपापसांत बोलायचे नसते आणि सेविकेशी बोलायचे तेही अडचणीपुरतेच. त्यामुळे दहाव्या दिवशी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सर्वांच्या भल्याची कामना करण्याच्या ध्यानानंतर, मौन सुटले, तेव्हा मी सर्वांत आधी आपल्याला शोधले. घरच्या निकडीमुळे आपण आदल्या संध्याकाळीच निघालात, एवढेच समजले. केंद्राकडे आपले नाव-पत्ता मागणे मला प्रशस्त वाटले नाही.

त्याआधीच्या आश्विनात माझी आई गेली होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पहाटेपासून तिचा आवाज असायचा, आणि ती गेल्यावर तिथली शांतता मला सोसेना. अशा अवस्थेत दहा दिवसांचे मौन मी का पत्करले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पहाटे चारची घंटा, साडेचारपासून ध्यान, पहिले तीन दिवस केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहणे, आणि त्यानंतर दिवसातून तीनदा एकेक तास हात, पाय किंवा डोळे न हलवता अधिष्ठानाला बसणे, हे सगळे मी कसेबसे पार पाडत होते. कोल्हापुरातली थंडी आणि त्या डोंगराकडची थंडी यांत फार फरक आहे. पहाटे धम्मकक्षाकडे जाताना फरशी पायांना चावत असे आणि खालच्या शिवारातून गुऱ्हाळाचा गोड, धुरकट वास वर येत असे.

सहावा दिवस भोगीचा होता. अकरा वाजता ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आली आणि शेजारी सोलाणे, गाजर, वांगी, घेवडा घातलेली भोगीची भाजी. आई दर भोगीला पहिली भाकरी गरम असतानाच माझ्या हातावर ठेवत असे. मला घास गिळता आला नाही. मी ताट तसेच ठेवून खोलीत गेले आणि पिशवी भरायला घेतली.

आपण दारात आलात. पिशवी पाहिलीत. ‘जाऊ नका’ असे आपण म्हणाला नाहीत आणि ‘सगळे ठीक होईल’ असेही म्हणाला नाहीत. बारा वाजता आचार्यांना भेटता येईल, त्याला अजून अर्धा तास आहे, तोवर बाहेर उन्हात बसा, इतकेच आपण हळू आवाजात सांगितलेत. मग आपण स्वतः त्याच कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, चार हात अंतर राखून, डोळे मिटून बसलात. केंद्रात कुणी कुणाला स्पर्श करायचा नाही, हा नियम मला तोवर फार कोरडा वाटत होता. पण त्या क्षणी कुणी पाठीवर हात ठेवला असता, तर मी रडून मोकळी झाले असते आणि दुपारच्या एसटीने घरी परतले असते, याविषयी मला आज शंका नाही. आपण मला माझ्या दुःखाजवळ बसू दिलेत आणि तरीही एकटे सोडले नाहीत. आई गेल्यापासून जे जे भेटायला आले, त्यांच्यापैकी कुणालाही हे साधले नव्हते. त्यांच्या मायेबद्दल मला तक्रार नाही, परंतु प्रत्येकाला मला लवकरात लवकर शांत करायचे होते.

आचार्यांशी बोलून मी परतले, तेव्हा माझे ताट आपण झाकून ठेवले होते. भाकरी गार झाली होती. मी ती पूर्ण खाल्ली.

त्याच संध्याकाळी प्रवचनानंतर माझ्या खोलीच्या दाराशी तपकिरी लोकरीचे पायमोजे घडी करून ठेवलेले दिसले. भेगाळलेल्या टाचांनी मी कशी चालत होते, हे आपण केव्हा पाहिलेत कुणास ठाऊक. पुढचे चारही दिवस ते माझ्या पायांत होते.

सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही साधना घेतली आणि १९६९ साली भारतात शिबिरे सुरू केली. या शिबिरांत शिकवण्याचे, राहण्याचे वा जेवणाचे शुल्क घेतले जात नाही आणि सेवा देणाऱ्यांना मानधनही नसते, हे मी ऐकून होते. त्याचा अर्थ मात्र गेल्या हिवाळ्यात मी स्वतः स्वयंपाकघरात सेवेला गेले तेव्हा समजला. साधकांच्या आधी उठायचे, भाज्या चिरायच्या, मोठ्या पातेल्यांतली आमटी ढवळायची, त्यातूनच दिवसाच्या तीनही सामूहिक बैठकांना बसायचे आणि रात्री सर्व निजल्यावर मैत्री भावना करून मगच अंथरुणाला टेकायचे. अशा दिवसातला तो अर्धा तास आपण माझ्यासाठी काढला होता. तिसऱ्या दिवशी एक तरुण मुलगी पिशवी घेऊन माझ्याजवळ आली, तेव्हा मी तिला बाहेर उन्हात बसायला सांगितले. दुसरे काही मला सुचले नाही, आणि सुचायला हवे होते असेही वाटत नाही. ती पूर्ण दहा दिवस राहिली.

ताई, आता थंडीत जुन्या साधकांचे एक दिवसाचे शिबिर असते तेव्हा मी जमेल तसे आळत्याला येते आणि भोजनाच्या रांगेत आपला चेहरा शोधते. अजून भेट झालेली नाही. माझ्या त्या सहाव्या दिवसाबद्दल मी आपली मनापासून, कायमची ऋणी आहे.

पायमोजे धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवले आहेत. येत्या पौषात मी पुन्हा सेवेला येत आहे, तेव्हा ते सोबत आणीन. आपण आलात तर आपल्या हाती देईन. नाही आलात तर थंडीने काकडणाऱ्या एखाद्या साधिकेच्या दाराशी ठेवण्याची परवानगी आपण मला दिली आहे, असे मी समजेन.

आपली कृतज्ञ,
त्या शिबिरातील एक साधिका