चिंपांझीची ‘पाचपट’ ताकद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिंपांझी माणसापेक्षा पाचपट ताकदवान असतो, हे वाक्य विज्ञान पुरवण्यांत आणि व्हॉट्सॲपवर इतके फिरले आहे की ते तपासून पाहावे असे आता कुणाला वाटतही नाही. त्याचे मूळ १९२० च्या दशकातले आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात मोजक्या प्राण्यांना दोर ओढायला लावून तेव्हा हा आकडा काढला गेला. चिंपांझीच्या स्नायूतंतूंची प्रत्यक्ष चाचणी घेऊन २०१७ साली प्रसिद्ध झालेला हिशेब आहे सुमारे १.३५ पट. चिंपांझीच्या स्नायूंत झटपट आकसणारे तंतू जवळपास दोनतृतीयांश असतात. आपल्याकडे, विशेषतः पायांत, सावकाश आकसणाऱ्या, उशिरा थकणाऱ्या तंतूंचा भरणा अधिक. झटका त्यांचा, दमसास आपला.

तुलना चुकते ती बहुधा स्नायू नुसता तराजूत टाकल्याने. वजनाला तंतूंच्या लांबीने आणि घनतेने (घन सेंटिमीटरला १.०६ ग्रॅम) भागले, की जोर लावणारा छेद, म्हणजे तंतूंचे आडवे क्षेत्रफळ, मिळतो. १०० ग्रॅमच्या स्नायूतले तंतू ५ सेंमी लांब असतील तर छेद सुमारे १९ चौ. सेंमी, तेच तंतू १० सेंमीचे असतील तर साडेनऊच. म्हणजे जोर निम्मा, पण आकसण्याचा पल्ला आणि वेग दुप्पट. त्यातही एक खोच आहे. नमुना टिकवण्यासाठी फॉर्मालिनमध्ये ठेवताना सांधा वाकलेला होता की ताणलेला, यावर तंतूची लांबी बदलते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सार्कोमिअर (तंतूतले आकसणारे सूक्ष्म घटक) मोजून ती दुरुस्त करावी लागते. जुन्या तक्त्यांत ही दुरुस्ती क्वचितच दिसते.

दुसरी गोष्ट, स्नायू तोच असला तरी काम तेच असेल असे नाही. एका पायावर उभे राहून त्याच बाजूच्या खुब्यावर, कमरेच्या हाडाखाली, हात ठेवा. तिथे जो घट्ट होतो तो नितंबाचा मधला स्नायू. तो दुसरी बाजू खाली झुकू देत नाही. चिंपांझीतही तो आहे, भरभक्कम आहे. पण तिथे कमरेच्या हाडाचे पाते बाजूला न वळता पाठीकडे सपाट असते, त्यामुळे त्याची ओढ मुख्यतः मांडी मागे नेण्याच्या कामी येते. दोन पायांवर चालताना चिंपांझी डुलतो तो यामुळे. त्याला ‘अशक्त’ म्हणणे चूक.

मनगटाच्या ‘शिरे’विषयी तर धडधडीत चुकीचे छापले जाते. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवले की मधोमध दोरी उठते. ती शीर नव्हे, तळहाताच्या एका लांबट स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला पुढे जोडणारी चिवट दोरी. साधारण सातांतल्या एका माणसात ती नसते, आणि ज्याला नाही तो ‘अधिक उत्क्रांत’ असे सांगितले जाते. गोरिलातही हा स्नायू अनेकदा नसतो. मग गोरिलाला कुठे बसवणार? (ज्यांना ती आहे त्यांनी जपावी, हाताची तुटलेली कंडरा जोडताना शल्यविशारद तिचाच तुकडा वापरतात.)

अंगठ्याचे शेवटचे पेर वाकवायला माणसाला स्वतंत्र स्नायू आहे. चिंपांझीत ती कंडरा बोटे वाकवणाऱ्या सामाईक स्नायूतून फुटते, दोऱ्यासारखी बारीक असते, कित्येकदा नसतेच. गिबन या दुसऱ्या बिनशेपटीच्या प्राण्याला मात्र तो स्नायू स्वतंत्र असतो. टाचेच्या कंडरेचेही तेच: माणसात लांब, चिंपांझी-गोरिलात पोटरीचे मांस जवळजवळ टाचेपर्यंत उतरलेले, आणि गिबनमध्ये पुन्हा लांब. नात्याने चिंपांझी आपल्याला जवळचा, गिबन लांबचा. माकडापासून माणसापर्यंत एका रांगेत चालणारी ती लाडकी चित्रमालिका इथेच अडखळते.

जाता जाता भाषेविषयी. आपल्याकडे ‘वानर’ म्हणजे शेपटीवाले, काळ्या तोंडाचे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन यांना शेपूट नाही. त्यांच्यासाठी ‘कपी’ हा शब्द वापरावा. आसामातला हुलॉक गिबन हा भारतात रानात आढळणारा एकमेव कपी आहे. तुलनेची चित्रे छापताना निदान त्याला वानरांच्या रांगेत बसवू नये, आणि ‘पाचपट’ लिहिण्याआधी कोणता स्नायू व कोणते माप, एवढे लेखकाला विचारावे.

आपले,
शरीररचनाशास्त्राचे दोन अध्यापक