‘चामडं ओढू नका’ सांगणाऱ्या आजोबांस

तीर्थस्वरूप आजोबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, त्यामुळे नातवाकडून वाचून घ्यावं लागेल. तरी ते चारचौघांत लिहितोय, कारण तांबुरेल्लो, म्हणजे तुमच्याकडची चकत्या लावलेली डफासारखी चामड्याची खंजिरी, कशी बनवायची हे सालेन्तोहून तुम्ही फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी समजावलंत, ते इथल्या दिमडी-हलगीवाल्यांच्याही उपयोगाचं आहे.

सालेन्तो म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. तिथल्या तांबुरेल्लोचा विषय निघाला की बोलणं कोळ्यावर घसरतं: कोळी चावला, बाई पडली, पित्सिका (तिथलं जलद लयीचं नाचाचं संगीत) वाजवून तिला नाचवलं, उतार पडला. इटालियन मानववंशशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तिनो १९५९ मध्ये अभ्यासकांचं पथक घेऊन तिथे गेले ते याचसाठी, आणि नार्दो गावचे न्हावी लुइजी स्तिफानी अशा बायांसाठी व्हायोलिन वाजवत हेही खरं. पण या गोष्टीत वाद्य मागेच राहतं. तुम्ही कोळ्याचं नाव न काढता वाद्याच्या लाकडी कड्यापासून सुरुवात केलीत. पहिले आभार त्याचेच.

कड्याला बीचची पट्टी, ४-५ मिलिमीटर जाड आणि ६-७ सेंटिमीटर रुंद. व्यास ३० सेंटिमीटर धरला तर परीघ ९४ आणि जोडाला वर १०. जोडाची दोन्ही टोकं तासून पातळ करायची, नाहीतर तिथे गाठ येते आणि चामडं तेवढ्याच जागी उचललेलं राहतं. पट्टी वाफेवर मऊ करून साच्यावर वाकवायची आणि खडखडीत सुकेपर्यंत साच्यावरच ठेवायची. घाईने काढली की कडं लंबगोल होतं, मग ताण एका दिशेला जास्त बसतो आणि कितीही शेका, घरघर जात नाही. लाकडाच्या रेषा तिरक्या जाऊन कडेला बाहेर पडत असतील तर पट्टी तिथेच तडकणार. तुमच्याकडे पूर्वी पिठाच्या चाळण्या करणारेच ही कडी करत, हे ऐकून आमच्यातल्या एकाने घरातल्या चाळणीकडे ज्या नजरेने पाहिलं त्याचं वर्णन नको.

कड्याच्या खाचांत झुलणाऱ्या, झांजांसारख्या वाजणाऱ्या चकत्यांचं तुम्ही सांगेपर्यंत आमच्या डोक्यात पितळच होतं. पितळ छान वाजतं, पण लांबत राहतं. पित्सिकाच्या लयीत एक ठोका विझायच्या आत दुसरा येतो आणि नुसता गोंगाट होतो. टोमॅटोच्या किंवा तेलाच्या डब्याचा पत्रा कोरडा वाजतो. ६ सेंटिमीटरची चकती कापायची, लाकडी ओंडक्यात उथळ खळगा करून त्यात ठेवायची आणि गोल तोंडाच्या हातोडीने मधून कडेकडे हलके ठोके देत वाटीदार करायची. सपाट राहिली तर नुसती खडखडते. दोन चकत्या पाठीला पाठ लावून एका खिळ्यावर; भोक खिळ्यापेक्षा चांगलं सैल, आणि कड्यातली खाच चकतीपेक्षा सेंटिमीटरभर लांब. भोक घट्ट झालं तर चकती मुकी होते.

आता चामडं. शेळीचं, चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढलेलं, कमावलेलं नव्हे. गार पाण्यात पूर्ण लवचीक होईपर्यंत भिजवायचं. वेळ वाचवायला गरम पाणी घेतलं की चामडं आकसतं, शिजल्यासारखं होतं आणि सुकल्यावर काचेसारखं तडकतं. कण्याची जाड रेघ बरोबर मधून न्यायची. कड्याला सरस लावून चुका, म्हणजे बारीक खिळे, समोरासमोर मारायच्या: आधी वर-खाली, मग डावी-उजवी, मग मधल्या जागा. एका बाजूने गोल मारत गेलो तर शेवटी सगळी सुरकुती एकाच जागी गोळा होते.

आणि तुमचं ते वाक्य: ‘ओढू नका, सुरकुती जाईल एवढंच धरा, बाकी ते स्वतः ओढतं.’ हलगीवाल्याचा हात ओढायला सवकलेला. ओल्या चामड्याला पक्कडीने ताण दिला तर सुकताना ताण वाढून चुकांपाशी फाटतं, नाहीतर पातळ कडं पिळवटतं. सुकवणं सावलीत, दीड-दोन दिवस. उन्हात ठेवलं तर कडेचं आधी सुकतं, मधलं मागे राहतं.

वाजवण्याबद्दल थोडंच, कारण तो भाग हातानेच कळतो. डाव्या हातात उभं धरायचं. उजव्या हाताचा अंगठ्याकडचा भाग, बोटं आणि तळहात आळीपाळीने, तीन-तीनच्या गटात. नवखा सगळं काम उजव्या हातावर टाकतो आणि पाच मिनिटांत त्याचा दंड भरून येतो. डाव्या मनगटाने वाद्य हाताकडे आणायचं असतं. तुमच्याकडच्या तोर्रेपादुली गावी सान रोक्को या संताच्या उत्सवाच्या रात्री, १५ ऑगस्टला, पहाटेपर्यंत रिंगण करून वाजवतात, तेव्हा अंगठा सोलवटून चामड्यावर रक्ताचे डाग पडतात.

दमट सिरोक्को वारा सुटला की तुमचं चामडं उतरतं आणि तुम्ही ते विस्तवाजवळ धरता. आमच्याकडे हलगी शेकल्याशिवाय मिरवणूक हलत नाही. शेकताना सतत फिरवत राहायचं, एका जागी धरायचं नाही, हेही तेच. चामड्याऐवजी प्लास्टिकचं पान लावलं की हा त्रास संपतो, असं दुकानदार सांगतात. त्रास संपतो, सोबत आवाजही.

दिमडीवर पूर्वी घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि ते योग्यच. वाघ्याच्या हातात जागरणाला शोभेल असं शेळीचं पान कसं निवडावं, यावर तुम्ही दिलेलं उत्तर सगळ्यात मोलाचं: उजेडासमोर धरा, जाड-पातळ ढगांसारखं दिसलं तर परत करा.

सोबत एक दिमडी पाठवली आहे. तिला चकत्या नाहीत. कण्याची रेघ मधून बोटभर सरकली आहे. तुम्हाला हात लावताच कळेल.

आपले नम्र,
दिमडीचं काम करणारे चौघे