मराठी सोडू नकोस, आणि जमलं तर कन्नड पण शिक

बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस की मराठी मेजर बदलून काहीतरी स्कोपवालं घेऊ का, आणि मागं हॉस्टेलच्या पोरींचा एवढा गोंधळ चालू होता की माझं नीट बोलणंच झालं नाही, म्हणून लिहायलोय. लांबलचक होईल पण सगळं वाच.

माझं स्पष्ट मत आहे, बदलू नकोस. आर्ट्स म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची लाईन असं म्हणणारे नातेवाईक आपल्याकडं ढीगभर आहेत, त्यांना म्हणू दे. तू आवडीनं घेतलंयस आणि ते मला मनापासून बरं वाटलं.

आता जरा आमच्या सोलापुरी चादरींच्या कारखान्यातलं सांगतो. चादरीवर मोर कसा उतरतो ते बघ. डिझायनर आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवत बसतो, एक चौकोन म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा जिथं एकमेकांना भेटतात ती जागा, मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, सगळी कार्डं दोऱ्यानं ओळीत बांधून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी काढणाऱ्या यंत्रावर चढवायची, आणि मग माग चालला की भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक भोक चुकीच्या जागी पडलं तर त्या कार्डावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत मोराची मान तिथंच वाकडी येणार. आमच्याकडं एक म्हातारे डिझायनर होते, नुसता ग्राफ हातात धरून मोराचा डोळा कुठं बिघडणार ते सांगायचे. आता हे काम कॉम्प्युटरवर व्हायलंय. त्या माणसांनी डिझाईन कुठून आणली, सोलापूरच्या पूर्वभागातले तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर मागाच्या एकेका भागाला तेलुगूत काय म्हणतात, विणताना काय गातात, हे सगळं कुणी नीट विचारून लिहून ठेवायला पाहिजे की नाही? हे काम इंजिनिअर करणार नाही आणि सीए पण करणार नाही. ते तुझ्यासारख्या साहित्य आणि भाषा शिकणाऱ्या पोरीचं काम आहे. कॉलेजात फील्ड प्रोजेक्ट असतो ना, तर विषय शोधत पुण्यात फिरू नकोस, इथं ये.

आता कन्नडचं. आपण गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला जातो, त्यातल्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम झालं की अक्षता टाकतो, पण सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले वचनकार, त्यांची वचनं, म्हणजे भक्तीची छोटी गद्यकाव्यं, कन्नडमधली, आणि आपल्या गल्लीतल्या किती जणांनी त्यातलं एक तरी वाचलंय? ज्यांच्या नावानं अख्खं गाव जगतं त्यांचं लिहिलेलं आपल्याला दुसऱ्याकडून ऐकावं लागतं हे मला लई खटकतं. तू लिपी शिक, ती काही फार अवघड नाही, शेजारच्या काकू घरात कन्नडच बोलतात, सुट्टीत त्यांच्याशी बोल. मराठी साहित्य नीट कळायला पण कन्नड लागतं असं मला वाटतं, सोलापूरच्या पोरीला तर जास्तच.

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे, भीमा आणि सीनेच्या संगमावर, तिथं देवळाच्या तुळईवर शके ९४० म्हणजे १०१८ चा शिलालेख आहे. आत्तापर्यंत सापडलेल्या सगळ्यात जुन्या मराठी लेखांत तो धरतात, आणि हे जो वाचेल तो विजयी होईल असं त्यात शेवटी कोरलंय. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी गावोगाव फिरून असे कितीतरी शिलालेख शोधले, वाचले, त्यात मराठी आले, कन्नड आले, संस्कृत आले. एकाच भाषेवर अडून बसले असते तर निम्मे दगड मुकेच राहिले असते. शाहीर राम जोशी पण आपल्या गावचे, संस्कृत शिकलेला माणूस डफावर लावणी म्हणायला उभा राहिला.

नोकरीचं म्हणशील तर ती काळजी मला पण आहे, खोटं कशाला सांगू. पण मार्ग आहेत. एमए करून प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा देता येते, बीएड आहे, भाषांतराचं काम आहे, आणि दोन भाषा पक्क्या असलेल्या माणसाला ते जास्त मिळतं. यूपीएससीला मराठी साहित्य ऑप्शनल घेता येतं. येरवड्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व दोन्हीचं एमए आहे, एकदा जाऊन बघून ये, तिथल्या पोरांशी बोल, मॅडमना विचार. जेऊरचे नागराज मंजुळे पण मराठीत एमए आहेत, पण मी त्यांच्याकडं बघून तुला हे सांगत नाही, सगळेच सिनेमा काढत नाहीत. तुला वाचायला बसलं की जेवणाची आठवण राहत नाही, म्हणून सांगतोय.

तर मेजर आहे तेच ठेव. कन्नडचा क्लास तिथं कुठं लागतो आणि फी किती ते विचारून कळव, पगार झाला की टाकतो. संक्रांतीला येशील तेव्हा एक दिवस जास्तीची सुट्टी काढ, कुडलला जाऊ. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हाच दगडावरची अक्षरं बरी दिसतात, त्यामुळं अंधारातच निघायला लागेल, आत्ताच सांगून ठेवतोय.

तुझे पप्पा