उतारवयातील चित्रकला आणि चष्मा

संपादक महोदय,

निवृत्तीनंतर चित्रकलेकडे वळणाऱ्यांना कागद-रंगांविषयी सल्ले भरपूर मिळतात. डोळ्यांविषयी कोणी बोलत नाही. वाचनाचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंमी अंतरासाठी असतो, ईझल, म्हणजे चित्र टेकवण्याची घोडी, मात्र ६०-७० सेंमीवर. मग माणूस पुढे वाकतो. बायफोकल असेल तर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर जाते आणि मान धरते. डोळ्यापासून कागदापर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि नेत्रतज्ज्ञांकडून तेवढ्याच अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. चैन नव्हे, ब्रशइतकेच ते साधन आहे.

वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते, निळ्या-जांभळ्यातला फरक पुसटतो. मोतीबिंदू झालेला फ्रेंच चित्रकार क्लोद मोने रंगनळ्यांवरच्या लेबलांवर आणि पॅलेटवरच्या (रंग कालवण्याच्या पाटीवरच्या) रंगांच्या ठरलेल्या जागांवर विसंबून असे. १९२३ मध्ये त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आपणही पॅलेटवरचा रंगांचा क्रम कधी बदलू नये.

बोटे आखडत असतील तर ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी चढवावी. ब्रशचे केस धरणाऱ्या धातूच्या पट्टीपासून तीन-चार सेंमी जागा मात्र मोकळी सोडावी, नाहीतर फोम पाणी पितो आणि ऐन वॉशच्या (पातळ रंगाचा थर देण्याच्या) वेळी कागदावर थेंब पडतात.

– एक वाचक